पाण्याच्या पाळीचा प्रोग्रॅम

मी नांदेडचा, पण नोकरी लातूरला होती, गावाबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी एसटीनं घरी जायचं. ज्या उन्हाळ्याचं सांगतो आहे, त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. रविवारी परत येताना लोक पिशव्या घेऊन गाडीत चढत, मी पाण्याचे कॅन घेऊन चढत असे. कंडक्टर सामानाची कुरकुर करायचा, पाण्याची करायचा नाही.

कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला मी शिकवत होतो आणि विषय असा आला होता की मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता. एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम. पहिल्या वर्षापासून त्यांना सवय होती ती एका ओळीनंतर दुसरी ओळ चालण्याची. दोन प्रोग्रॅम एकाच आकड्याला हात घालतात, दोघांतही चूक नसते, तरी उत्तर चुकतं, हे त्यांना पटेना. शेवटी मी फळ्यावर एक आकडा लिहिला. म्हटलं, ह्या टाकीतल्या बादल्या समजा. दोघांना उठवलं. आकडा वाचायचा, जागेवर जाऊन त्यातून एक वजा करायचा, परत येऊन नवा आकडा लिहायचा. दोघं एकदमच आले, एकच आकडा वाचून गेले आणि येऊन दोघांनी एकच उत्तर लिहिलं. बादल्या दोन गेल्या, फळ्यावर एकच कमी झाली. वर्ग हसला.

मागच्या बाकावरून चाकूरचा मुलगा म्हणाला, "सर, हे मुद्दाम जमवलं तर होतं. खरं बघितलं तर लाखात एखाद्या वेळेस होणार."

वर्गातला तो सगळ्यात हुशार. बोटं अशी चालायची की लॅबमध्ये बाकीचे त्याच्या मागे उभे राहून बघत. आपण हुशार आहोत हे त्यालाही माहीत होतं.

पुढच्या बाकावर धर्माबादची एक मुलगी बसायची. घरी तेलुगू बोलणारी, वडील मिरचीच्या बाजारात हमालांवर मुकादम. ती फार बोलायची नाही. त्या दिवशी वळून न बघताच म्हणाली, "लाखात एकदा म्हणजे होणारच की. फक्त कधी ते माहीत नाही."

त्याला ते लागलं. तिथून त्या दोघांची चढाओढ सुरू झाली.

पाणी आटत गेलं तसं मुलींचं वसतिगृह रिकामं केलं. ही मुलगी लातुरातच मावशीकडे राहायला गेली. मुलांच्या वसतिगृहात दूरदूरची मुलं होती आणि परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून ते तेवढं चालू ठेवलं. तिथं दोन टाक्या होत्या. एकीत टँकरचं प्यायचं पाणी, दुसरीत बोअरचं खारं, वापरायचं. नळावर रोज भांडणं. पूर्वेकडच्या इमारतीतली मुलं म्हणायची पश्चिमवाले जास्त नेतात, पश्चिमवाले तेच पूर्वेबद्दल म्हणायचे. रेक्टर सर बेजार झाले होते. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तुमची पोरं दिवसभर त्या मशीनवर बसून असतात. पाण्याची पाळी लावणारं काही करता येईल का? पोरानं येऊन नाव सांगायचं, मशीननं नंबर द्यायचा, नंबर आला की नळ सोडायचा. म्हणजे माझ्या नावानं बोंब नको."

चाकूरच्या मुलानं ते काम आनंदानं घेतलं. दोनच दिवसांत त्याचा प्रोग्रॅम तयार झाला. दिसायलाही देखणा. लॅबमध्ये त्यानं सगळ्यांना चालवून दाखवला. ती मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "टाकीत पाणी आहे का हे तू आधी बघतोस आणि वजा नंतर करतोस. मधल्या वेळात दुसरा आला तर?"

"मधला वेळच नाही. डोळ्याची पापणी लवत नाही तेवढ्यात होतं."

"मी करून दाखवू?"

तिनं फार काही केलं नाही. बघणं आणि वजा करणं यांच्या मधे प्रोग्रॅमला क्षणभर झोपवणारी एक ओळ टाकली आणि शेजारच्या दोन मशीनवरून एकदम बटण दाबायला लावलं. शेवटची एकच घागर उरलेली असताना दोन मुलांना नंबर मिळाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मागून कुणीतरी हसलं. चाकूरचा मुलगा खुर्चीतून उठला आणि पाणी प्यायला निघाल्यासारखा बाहेर गेला. पाणी कुठं होतं प्यायला.

मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, चूक सापडली ती लॅबमध्ये सापडली, नळावर नाही, यातच सगळं आलं. आता कुलूप घाल. मला शिकवताना हाच शब्द बरा वाटायचा. एकानं टाकीला हात घातला की तिला कुलूप, त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. तो मान खाली घालून "हाव सर" म्हणाला.

त्यानं कुलपं घातली. प्यायच्या टाकीला वेगळं, वापरायच्या टाकीला वेगळं. प्रत्येक मुलाला एक घागर आणि एक बादली मिळायची, म्हणून प्रोग्रॅम आधी प्यायच्या टाकीचं कुलूप घ्यायचा, मग वापरायच्या टाकीचं, आणि काम झालं की दोन्ही सोडायचा. आम्ही तिघांनी बसून तपासलं. मधली झोपेची ओळ ठेवून तपासलं. एकदाही चुकला नाही. मुलगी म्हणाली, "आता बरोबर आहे." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

सोमवारी सकाळी मेसच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. मी पोचलो तेव्हा तिथं दोन टेबलं होती. रेक्टर सरांनी ऐनवेळी ठरवलं होतं की दोन इमारतींना दोन खिडक्या हव्यात, नाहीतर एकाच रांगेत मारामाऱ्या होतील. ऑफिसमधून दुसरं मशीन आणून पहिल्याला जोडलं होतं आणि चाकूरचा मुलगा वाकून त्यावर काहीतरी टाइप करत होता.

"काय करतो आहेस?"

"पश्चिमेची खिडकी, सर. त्यांना आधी बादली द्यायची म्हणतात, घागर नंतर. त्यांचा बादलीचा नळ अलीकडे आहे. झालंच."

"थांब जरा, मला बघू दे."

"अहो, बघताय काय," रेक्टर सर मधेच म्हणाले, "टँकर येऊन उभा आहे. पोरांची परीक्षा तोंडावर आहे. सुरू करा."

सुरू झालं. ऊन चढत होतं. दोन्ही रांगा कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. मुलांच्या एका हातात घागर, दुसऱ्या हातात बादली आणि काखेत पुस्तक. पहिली पाच-दहा मिनिटं नंबर झरझर येत राहिले, नळ उघडत-बंद होत राहिले. रेक्टर सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जमलं.

मग दोन्ही पडदे थांबले.

दोन्ही मशीन चालू होती. पडद्यावर 'कृपया थांबा' असं आलं होतं आणि ते जाईना. चाकूरच्या मुलानं एक बटण दाबलं, मग दुसरं. नळ सोडायला नेमलेली मुलं नंबरची वाट बघत हात बांधून उभी. नंबराशिवाय नळ सोडायचा नाही असं त्यांना बजावलेलं होतं.

"काय झालं बे?" रांगेतून आवाज आला.

"अटकलं वाटतं."

"त्यांचं चालू आहे, आपलं बंद केलंय बघ."

हेच दुसऱ्या रांगेतही बोललं जात होतं. रांग मागून दाटत पुढे आली. मी टेबलासमोर उभा राहून हात वर केले. म्हटलं, जरा दम धरा, दोन्ही बंद पडलंय, कुणाचंच चालू नाही. कुणी ऐकलं नाही. पश्चिमेकडचा एक उंच मुलगा रांग सोडून थेट नळाकडे गेला आणि त्यानं प्यायच्या पाण्याचा नळ सोडला. पूर्वेचे चार-पाच जण धावले. ढकलाढकली झाली, पाणी फरशीवर सांडलं, आणि पाणी सांडलेलं दिसल्यावर मग कुणीच थांबलं नाही. कुणाची तरी स्टीलची बादली वर गेलेली मी बघितली. खाली आली ती त्या उंच मुलाच्या तोंडावर. त्यानं दोन्ही हातांनी डोळा धरला आणि बोटांतून रक्त वाहू लागलं.

त्याच्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. रेक्टर सरांची जीप, रुमाल, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. भुवईवर खोल चीर होती, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात डोळा वाचला. मी बाहेर आलो आणि तेव्हा लक्षात आलं की चाकूरचा मुलगा आमच्याबरोबर आलाच नव्हता.

वसतिगृहात तो नव्हता. पुस्तकं, कपडे सगळं जागेवर. फोन बंद. त्याचा खोलीतला जोडीदार म्हणाला, "रक्त बघितलं आणि निघूनच गेला, सर. आम्हाला वाटलं तुमच्या मागं आला."

पश्चिमेच्या इमारतीत मुलं टोळक्यानं उभी होती आणि त्याचंच नाव घेत होती. त्यांच्या लेखी सगळं त्याच्या मशीनमुळे झालं होतं. त्यांच्या हाती लागला असता तरी भीती होती, आणि नाही लागला म्हणून जी भीती होती ती मला तोंडानं बोलता येत नव्हती. त्या वर्षी जीव देणाऱ्यांच्या बातम्या रोज येत होत्या आणि त्यांत कॉलेजची मुलंही होती. मी दोन शिक्षकांना घेऊन बसस्टँड, रेल्वे स्टेशन, गंजगोलाईचा बाजार, सगळीकडे फिरलो. घरी फोन करावा तर तो घरी नसला तर काय, बापाला काय सांगायचं. शेवटी केला. दुकानाचा नंबर होता, तो कुणी उचलला नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं चाकूरला निघालो. नांदेडला जाताना दर शनिवारी हेच गाव लागायचं, पण मी कधी उतरलो नव्हतो. गाडीत असताना धर्माबादच्या मुलीचा फोन आला.

"सर, मला सापडलं ते का थांबलं. काल संध्याकाळी दोन्ही मशीनवरचा कोड बघितला." आवाज दबका होता, मावशीच्या घरात कुणी ऐकू नये तसा. "पूर्वेच्या खिडकीनं प्यायच्या टाकीचं कुलूप घेतलं आणि वापरायच्या टाकीची वाट बघत बसली. पश्चिमेच्या खिडकीनं नेमकं उलटं. तिच्याकडे वापरायच्या टाकीचं होतं, ती प्यायच्याची वाट बघत होती. कुणीच सोडणार नव्हतं. दोन्हीकडे कुलपं एकाच क्रमानं घेतली असती तर झालं नसतं."

"शाब्बास," मी म्हटलं.

"सर, मी शोधलं असं त्याला सांगू नका. त्याला म्हणा, तूच बघ. त्याला दिसेल." मग म्हणाली, "तो तिथं असला तर एक फोन करा मला."

चाकूरच्या अलीकडे गाड्या उभ्या होत्या. रस्त्यात टायर जळत होते. नव्या जिल्ह्याची बोलणी चालू होती त्या काळात, आणि चाकूर तालुका तिकडे टाकणार की लातुरातच ठेवणार यावरून रोज कुठेतरी रस्ता अडवलेला असायचा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी उतरून चालायला लागलो. टायरपाशी पंचा डोक्याला गुंडाळलेल्या एका माणसानं मला अडवलं.

"कुठले तुम्ही?"

"नांदेडचा."

"मग तुमचा जिल्हा झालेला हाय. जावा."

घशाला कोरड पडली होती. बाटलीत घोटभर पाणी होतं, ते मी मुद्दाम शिल्लक ठेवलं होतं, का ते सांगता येत नाही. दुकान विचारत गेलो. पेंड, सरकी, बी-बियाणं यांचं दुकान, बाजारपेठेच्या तोंडालाच. रस्ता रोकोमुळे अर्ध्या फळ्या लावलेल्या. आत गादीवर कपाळाला भस्म लावलेले एक गृहस्थ बसले होते. आणि त्यांच्या मागे, पोत्यांच्या थप्पीला टेकून, तो होता.

मी दाराची चौकट धरली.

मी कोण ते सांगितल्यावर वडील उठून उभे राहिले. "या सर, बसा. पाणी घ्या." अर्धा ग्लास पाणी आलं. त्या वर्षी पाहुण्याला सगळीकडे अर्धाच ग्लास यायचा आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. "पोरगं काल सांच्याला आलं. आल्यापासनं बोलंना, जेवंना. म्हणतंय मला दुकानच बरं, कॉलेजला जात न्हाई. काय गुन्हा केला का यानं?"

"गुन्हा काही नाही," मी म्हटलं.

मुलानं वर बघितलं. त्याचे ओठ सुकले होते.

"सर, त्याचा डोळा गेला का?"

तेव्हा मला कळलं. लॅबमध्ये हसू झालं, प्रोग्रॅम बंद पडला, याचं त्याला काही नव्हतं. त्यानं बोटांतून वाहणारं रक्त बघितलं होतं आणि आपण एका मुलाला आंधळं केलं असं समजून तो रात्रभर त्या पोत्यांशी बसला होता.

"डोळ्याला काही झालेलं नाही. भुवईवर टाके आहेत. काल संध्याकाळी त्यानं चहा-पोहे घेतले, मी स्वतः बघितलं."

"खरं सांगायलात ना सर?"

"खोटं बोलायला चाकूरपर्यंत चालत आलो का मी?"

तो पोत्यावर बसला आणि तोंड गुडघ्यात घालून रडायला लागला. वडिलांना काय करावं सुचेना. ते गादीवरून उतरून त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रडू द्या. आल्यापासनं पहिल्यांदा आवाज निघाला." मी बाहेर येऊन लातूरला मावशीकडे असलेल्या धर्माबादच्या मुलीला फोन केला. ती फक्त "बरं सर" म्हणाली, पण फोन ठेवायला तिला वेळ लागला.

दुपारी त्याच्या आईनं भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, "आता सांग, ते थांबलं का?"

त्यानं पेंडीच्या रिकाम्या कागदी पिशवीवर पेन्सिलीनं दोन खिडक्या काढल्या, दोन टाक्या काढल्या. बराच वेळ बघत राहिला. मग पश्चिमेच्या खिडकीवर बोट ठेवलं.

"मी इथं उलटं लिहिलं. त्यांना बादली आधी पाहिजे होती म्हणून कुलूपही आधी तेच घेतलं. कुलपाचा क्रम तोच ठेवायचा होता. नळ कुठलाबी आधी सोडा, कुलूप त्याच क्रमानं."

"बरोबर."

"तुम्हाला कुणी सांगितलं, सर? तुम्ही तर कोड बघितलाच नव्हता."

मी पिशवीवरच्या रेघांकडे बघितलं.

"तिनंच ना?"

"हाव."

तो पिशवीची घडी घालत बसला. मग म्हणाला, "तिनं त्या सकाळी यायला पाहिजे होतं. तिला लगेच दिसलं असतं." रागानं म्हणाला नाही.

वडिलांनी त्याला माझ्याबरोबर पाठवलं. ते स्वतःही आले. लातूरला पोचल्यावर ते आधी त्या जखमी मुलाच्या खोलीवर गेले. पश्चिमेची मुलं दारात उभी राहिली, पण पांढऱ्या धोतरातल्या म्हाताऱ्या माणसाला बघून बाजूला झाली. उंच मुलगा पट्टी बांधून खाटेवर पडला होता. आमचा मुलगा त्याच्यासमोर उभा राहिला.

उंच मुलगा म्हणाला, "बादली मारणारा दुसरा होता, ते मला माहीत आहे. पण मशीन तुझं होतं. मला खाली वाकायला मना केलंय डॉक्टरनं. माझं पाणी तू भर."

वसतिगृह बंद होईपर्यंत त्यानं त्याचं पाणी भरलं. दोन्ही हातात घागर-बादली घेऊन पूर्वेच्या इमारतीतून पश्चिमेच्या जिन्यावर चढताना मी त्याला रोज बघत होतो. आधी मुलं टोमणे मारायची, मग ते थांबलं. प्रोग्रॅम त्या दोघांनी मिळून नीट केला, पण रेक्टर सरांनी तो पुन्हा लावू दिला नाही. त्यांनी नळाला शिपाई बसवला आणि खोलीच्या नंबरानं बोलवायला सुरुवात केली. ते चाललं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. चाकूरच्या मुलाला त्यांनी विचारलं, "दोन प्रोग्रॅम एकमेकांत अडकून बसतात म्हणजे काय? उदाहरण दे."

त्यानं समोरच्या कागदाचा कोपरा दुमडला, उलगडला. परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. मी शेजारी बसून होतो आणि मला काही बोलता येत नव्हतं. पुस्तकातलं उदाहरण त्याला तोंडपाठ होतं, ते त्यानं दिलं असतं तरी गुण मिळाले असते. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. व्हरांडा, दोन टेबलं, घागर आणि बादली, कुठलं कुलूप कुणी आधी घेतलं, पडद्यावर काय आलं. बादली वर गेली तेही सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "ही चूक कुणी शोधली?"

"माझ्या वर्गातल्या एका मुलीनं. ती पुढच्याच नंबरला आहे, सर."

परीक्षा संपली त्या शनिवारी आम्ही तिघं नांदेडच्या एकाच गाडीत होतो. मुलगी नांदेडहून पुढे धर्माबादला जाणार होती. ती खिडकीपाशी, तो तिच्या मागच्या सीटवर, आणि मी पलीकडे माझे रिकामे कॅन पायाशी घेऊन. गाडीनं लातूर सोडल्यावर त्यानं पुढे वाकून तिला पेपरातला शेवटचा प्रश्न कसा सोडवला ते विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, तसं केलं तर एका प्रोग्रॅमची पाळी कधीच येणार नाही, तो उपाशीच राहील. ती म्हणाली, येईल, नीट बघ. दोघांचे आवाज चढले. मागून कंडक्टर म्हणाला, "ओ, भांडायचं असंल तर खाली उतरून भांडा." ते दोघं आवाज बारीक करून चाकूर येईपर्यंत तेच बोलत राहिले.